चिंचेने घासलेले चाक

रविवार, दिनांक १४ सप्टेंबर २०२५. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. बेळगावजवळच्या कंग्राळी गावातील एका घराच्या अंगणात, ओल्या गोणपाटावर, मोटारगाडीची चार चाके उताणी ठेवलेली होती. त्यांपैकी डाव्या बाजूचे पुढचे चाक म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुने अलॉय चाक आहे. तुमच्यापैकी अनेकांना चाक म्हटले की फक्त काळे रबर आठवत असेल. ते टायर. त्याच्या पोटात जे धातूचे वर्तुळ बसलेले असते आणि ज्याच्यावर खरे तर गाडीचे ओझे असते, ते मी. त्या रविवारी माझे पुढे काय होणार, हे ठरायचे होते. पण त्याआधी मी कोण होतो आणि माझी अशी दशा का झाली, हे क्रमाने सांगणे योग्य ठरेल.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये थोडे सिलिकॉन मिसळून तो रस पोलादी साच्यात सोडला गेला आणि निवल्यावर मला पाच आऱ्यांचा आकार मिळाला. मग मला पुन्हा तापवले, पाण्यात बुडवले, सावकाश ऊब दिली. त्याने मी टणक झालो. लेथवर चढवून माझी कड एकसारखी गोल केली गेली. त्यानंतर रुपेरी रंग चढला आणि सर्वांत शेवटी त्या रंगावर एक पारदर्शक थर बसवला गेला. रंगकाम करणारे त्याला नुसते ‘क्लिअर’ म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही; पण तसबिरीवर काच असावी, तसा तो माझ्यावर होता. पाऊस, चिखल, ब्रेकची काळी भुकटी, जे काही यायचे ते त्या थरापाशी येऊन थांबायचे. माझी गोष्ट ही बरीचशी त्या न दिसणाऱ्या थराचीच गोष्ट आहे.

२०१५ च्या दसऱ्याला महादेवने आमची गाडी घरी आणली. महादेव बेळगावातील एका पतसंस्थेत नोकरीला जातो आणि सकाळ-संध्याकाळ कंग्राळीतले शेत पाहतो. घरात त्याची आई बाळाबाई, पत्नी मंगल आणि मुलगी दिपाली. दिपाली त्या वेळी शाळेत जात होती. गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिने आम्हा चौघांच्या आऱ्यांमधून एकेकदा हात घालून पाहिला होता. तो मला अजून आठवतो, कारण माझ्या वाट्याला आलेला तो पहिला लहान हात होता.

आमचे काम चांगले चालले. रोज बेळगाव, आणि महिन्यातून दोनदा निपाणी, कारण मंगलचे माहेर तिथले. तवंदीचा घाट उतरताना ब्रेक इतके तापत की ती ऊब माझ्या आऱ्यांपर्यंत येई. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून रांगत जावे लागे. निपाणीत शिरले की तंबाखूचा वास सुटे आणि वखारींची बारीक तपकिरी धूळ माझ्या कडेत जाऊन बसे. पावसाळ्यात तर अंगाचा इंचही कोरडा राहत नसे. पण त्या पारदर्शक थराने मला काही लागू दिले नाही.

आता त्या चुकीकडे येतो.

आमच्या भागात खंडेनवमीला घरातील प्रत्येक अवजाराची पूजा होते. विळा, कोयता, नांगराचा फाळ, शिलाई मशीन, सायकल, मोटार, कोणालाही वगळत नाहीत. पूजेआधी सगळे स्वच्छ करायचे. बाळाबाईच्या घरी हा मान तिचाच. ती आदल्या दिवशी चिंच भिजत घाली, न्हाणीघराच्या चुलीतली राख चाळून घेई आणि समया, घंगाळ, तांब्या असे सर्व घासून उन्हात मांडे. गाडी आली त्याच्या पुढच्या वर्षी तिने भांडी संपवून उरलेली चिंच घेतली आणि आमच्यापाशी येऊन बसली. धातू तो धातू, असा तिचा सरळ विचार होता. तिने पदर खोचून माझा एकेक आरा चिंचेने आणि राखेने घासला.

त्या दिवशी मी खरोखर चमकलो. वर्षभराचा मळ निघाला होता. शेजारच्या जयाबाई मुद्दाम येऊन पाहून गेल्या आणि बाळाआक्काच्या हातात उजेड आहे, असे म्हणाल्या. पुढे दरवर्षी हेच झाले. गल्लीतले लोक आमच्याकडे बोट दाखवून आपापल्या घरी सांगत की चाके असावीत तर अशी.

मित्रांनो, पितळेवर काळपट थर चढतो. तो काढून टाकला की खालचे पितळ उजळते. म्हणून चिंच आणि राख हे पितळेचे मित्र आहेत. माझे उलट होते. माझी चमक वरच्या थरातच होती. चिंचेची आंबटाई आणि राखेची खरखर दरवर्षी तो थर थोडाथोडा विरवत होती. बाळाबाईने समईला जी माया लावली, तीच मला लावली. समई उजळत गेली आणि मी झिजत गेलो. तिला हे कोणी सांगितले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते.

सातव्या-आठव्या वर्षी माझ्या आऱ्यांच्या टोकांवर थर उचलला गेला. त्या फटीतून पाणी आत शिरले. रंगाखाली पांढऱ्या, अळीसारख्या वळवळत्या रेषा उमटल्या. काही ठिकाणी रुपेरी रंग जाऊन खालचा करडा धातू उघडा पडला. बाळाबाईला वाटले, घासणे कमी पडते आहे. तिने राख वाढवली.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मंगलचा भाऊ परशराम निपाणीहून आला होता. परशराम तंबाखूचा व्यापारी. बोलायला मोकळा, मनाने वाईट नाही. अंगणात पाहुणे होते, शेजारी होते, आणि बाळाबाई चिंचेची वाटी घेऊन माझ्यापाशी बसली होती. परशरामने वाकून पाहिले आणि महादेवला हाक मारून म्हणाला, “दाजी, ही चाकं हायेत का देवघरातली समई? मावशींनी चिंच लावून खाल्ली की सगळी.”

सगळे हसले. महादेवही हसला.

बाळाबाईने वाटी उचलली आणि ती आत गेली. पूजेला ती बाहेर आली नाही. गुडघा दुखतो, असे तिने सांगून पाठवले. त्यानंतर तिने आम्हाला हात लावला नाही, आणि मग कशालाच लावला नाही. देवाची भांडीसुद्धा मंगल दुकानातली पावडर आणून घासू लागली. मंगलने एकदा विचारले तेव्हा बाळाबाईने उत्तर दिले, “माझ्या हातानं नको गं. आणि काय खाऊन टाकीन, कुणास ठाऊक.”

ते वर्ष फार वाईट गेले. आम्हाला कोणी धुतले नाही. ब्रेकची भुकटी उघड्या धातूवर बसून काळी झाली. तरीही एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगतो. बाळाबाईचा मला कधी राग आला नाही. दहा वर्षांत माझ्यासमोर मांडी घालून बसलेली तीच एकटी होती.

या वर्षी गणपतीनंतर महादेवने ठरवले की चाके बदलायची. परशरामने निपाणीत चांगल्या वापरलेल्या चाकांचा एक संच पाहून ठेवला होता. तो आला की आम्ही मोडीत जाणार, हे स्पष्ट होते. मोडीत गेलेला धातू पुन्हा भट्टीत जातो. त्याचे मला भय नव्हते. पण ज्या दिवशी हे बोलणे झाले, त्या दिवशी बाळाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. आम्ही मोडीत गेलो असतो तर परशरामची थट्टा कायमची खरी ठरली असती: म्हातारीने चाके खाल्ली, म्हणून नवी घ्यावी लागली. मग ती कोणत्याही खंडेनवमीला अंगणात आली नसती.

आम्हाला वाचवले ते पितृपंधरवड्याने. त्या पंधरा दिवसांत घरात नवी वस्तू आणायची नाही, हा या घराचा जुना नियम. त्यामुळे महादेवने घटस्थापनेचा दिवस धरला. मधल्या दिवसांत दिपालीने तोंड उघडले. ती आता मोठी झाली आहे. तंत्रनिकेतनात यांत्रिकी पदविका घेऊन ती मच्छे येथील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तिने वडिलांना विचारले की चाके वाकडी आहेत का, चिरली आहेत का, हवा सोडतात का. महादेवने तिन्हींना नाही म्हटले.

“मग गेलाय तो फक्त वरचा थर,” दिपाली म्हणाली. “म्हाळाच्या दिवसांत नवं आणायला बंदी हाय, जुनं घासायला न्हाय. घटस्थापनेपर्यंत मला द्या.”

महादेवने मान डोलावली. घटस्थापनेपर्यंत जमले तर ठीक, नाहीतर निपाणी. म्हणून त्या रविवारी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली आणि आम्ही गोणपाटावर आलो.

दिपालीने आधी आम्हाला साबणाच्या पाण्याने धुतले आणि प्रत्येकाला बोटाने चाचपून पाहिले. मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“आजी, जरा बाहेर ये. घासायचं काम हाय.”

बाळाबाईने नको म्हटले. एकदा खाल्लीत तेवढी पुरे झाली, असेही म्हणाली. दिपाली तिच्यासमोर खाली बसली. तिने तिला खोटा धीर दिला नाही, म्हणून मी तिला मानतो.

“चिंचेनंच झालंय ते, आजी. न्हाय म्हणणार न्हाय मी. पण आता नवा थर बसवायचा तर जुना सगळा काढायला पायजे. निम्मं काम तू आधीच करून ठेवलंयस. उरलेलं निम्मं दोघी मिळून करू या.”

मित्रांनो, हे केवळ समजूत घालणे नव्हते. अर्धवट उरलेल्या थरावर नवा थर दिला, तर जुना सुटताना नव्यालाही घेऊन सुटतो. माझ्यावरचे जे सैल आहे ते सगळे जाणे आवश्यकच होते. बाळाबाई उठून आली, तिने पाट मांडला आणि वर्षभरानंतर ती माझ्यासमोर बसली.

दिपालीने तिच्या हातात वॉटर पेपर दिला. हा पाण्यात भिजवून वापरायचा खरकागद. आधी जाड, पांढऱ्या रेषा मुळापासून निघेपर्यंत. मग बारीक, ओरखडे मिटेपर्यंत. बाळाबाईने सुरुवातीला कागद नुसता टेकवून पाहिला. तिसऱ्या आऱ्यापर्यंत तिला लय सापडली. संध्याकाळी आम्ही चौघेही निस्तेज, एकसारखे करडे दिसत होतो, आणि तसेच दिसणे बरोबर होते.

पुढचा रविवार सर्वपित्री अमावास्येचा होता. रंगाचा दिवस तोच ठरला. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि माझी कड यांच्यामध्ये जाड कागद खोचावे लागतात. दिपालीने माळ्यावरच्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या. बाळाबाईने त्या लगेच आपल्याकडे ओढल्या. प्रत्येकीवर गणपती होता. तिने गणपतीचा तेवढा भाग काळजीपूर्वक फाडून देवघरात ठेवला आणि उरलेली नवरा-नवरी दिपालीच्या स्वाधीन केली. माझ्याभोवती कंग्राळीतली निदान वीस लग्ने उभी राहिली.

परंतु सकाळ श्राद्धाच्या स्वयंपाकात गेली. कावळ्याने पानाला शिवायला उशीर केला. जेवणे आटोपेपर्यंत तीन वाजून गेले, आणि आभाळ भरून आले. दिपालीला घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तिने नाकाला पट्टी बांधली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि सर्वांना दूर बसवले. धातूला धरून राहणारा प्रायमर नीट बसला. रुपेरी रंगही नीट बसला. शेवटी तिने पहिला पारदर्शक थर माझ्यावर फवारला, आणि थोड्याच वेळात माझ्यावर दुधासारखी पांढुरकी झाक आली.

दिपाली थांबली. तिने बाकीच्या तिघांना हात लावला नाही. दूर बसलेली बाळाबाई जवळ आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, “बघ. माझा हात लागला न्हवं.”

“तुझा हात लागला तेव्हा ऊन होतं, आजी,” दिपाली म्हणाली. “माझा लागला तेव्हा आभाळ होतं. हवेतली ओल आत अडकली. हे माझं काम.”

बाळाबाईला ते पटलेले दिसले नाही. ती आत गेली आणि त्या संध्याकाळी मला वाटले की आता निपाणीच.

सोमवारी सकाळी घरात घट बसला. कामावर जाण्यापूर्वी दिपालीने आजीला एवढेच सांगितले की चाक दुपारपर्यंत वाळेल. मग हलक्या हाताने तेवढा पांढरा थर उतरवून ठेवलास तर बरे होईल. बाळाबाई घटाला पाणी घालत राहिली. महादेवने निपाणीला जाण्यासाठी रजा घेतली होती. परशराम तिथून टेम्पोत चाके घालून देणार होता.

दुपारी महादेव पिशवी खांद्याला लावून बाहेर आला. अंगणात बाळाबाई पाटावर बसली होती. शेजारी पाण्याचे तांब्याचे भांडे, हातात बारीक वॉटर पेपर आणि समोर मी. तिने वर पाहिले नाही. महादेव बराच वेळ उभा राहिला. मग त्याने पिशवी खुंटीला अडकवली, बाह्या दुमडल्या आणि तिच्यासमोर बसून कागदाचा एक तुकडा उचलला.

“गोल फिरवू नको रं,” बाळाबाई म्हणाली. “आऱ्याच्या अंगानं घास.”

“असं?”

“व्हय. आणि एवढा जोर नको. चाक हाय ते, म्हशीची पाठ न्हाय.”

महादेवचा हात हलका झाला. दोघे घासत राहिले. माझी पांढरी झाक पाण्याबरोबर गोणपाटात उतरली. शेवटी त्याने हात पुसून परशरामला फोन लावला. त्याचे बोलणे मी शब्दशः ऐकले. “ती चाकं दुसऱ्या कुणाला तरी द्या. आमची हायेत.”

बाळाबाई आऱ्याच्या अंगाने घासतच होती.

त्या आठवड्यात महादेव बसने कामावर जात राहिला आणि गाडी ठोकळ्यांवर राहिली. त्याने ट्रॅक्टरचे पत्र्याचे शेड रिकामे करून झाडून घेतले. २८ सप्टेंबरच्या रविवारी ऊन पडले. पत्रा तापला, जमीन कोरडी होती. दिपालीने या वेळी घाई केली नाही. अकरा वाजता तिने माझ्यावर पुन्हा रुपेरी रंगाचा हात फिरवला. मग आम्हा चौघांवर पारदर्शक थर दिला, एकदम जाड नव्हे, तीन वेळा पातळ, आणि प्रत्येक वेळी आधीचा थर बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून. बाळाबाई दारात काठी घेऊन बसली होती. कोंबड्यांनी धूळ उडवू नये म्हणून.

या वेळी माझ्यावर झाक आली नाही. प्रथम ओले काहीतरी चकाकले. मग ते स्थिर झाले. आणि मग, मित्रांनो, मला माझ्यामध्ये शेडचा पत्रा दिसला, उघडे दार दिसले आणि दारात बसलेली बाळाबाई दिसली. जन्मल्या दिवसाइतका मी गुळगुळीत झालो होतो असे नाही. तवंदीच्या घाटातल्या एका दगडाची खूण माझ्या कडेवर अजून आहे. पण माझ्यावरची काच परत आली होती.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही गाडीला लागलो. दिपालीने बोल्ट समोरासमोरचे घेत, क्रमाने आवळले. बुधवारी खंडेनवमी. सकाळी परशराम निपाणीहून आला. महादेव सारखा दाराकडे पाहत होता. बाळाबाई अजून आत होती.

ती आली. तिच्या हातात कोमट साबणाच्या पाण्याची वाटी होती आणि जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा. ती माझ्यासमोर बसली आणि सर्वांदेखत मला पुसू लागली. परशराम गाडीभोवती एक फेरी मारून आला. वाकून त्याने माझ्यावर बोट फिरवले आणि चाके कुठे मिळाली, असे विचारले. महादेवने त्याला सांगितले की तीच आहेत, आणि आईने घासलीत.

परशराम चप्पल काढून बाळाबाईच्या शेजारी उकिडवा बसला. “मावशी, माझ्या गाडीचीबी घासून द्या की.”

“देती,” बाळाबाई म्हणाली. “येताना चिंच घेऊन ये.”

सगळे हसले. या वेळी तीही हसली.

पूजा झाली. हळद-कुंकू तिने टायरच्या रबरावर लावले, माझ्यावर नाही. रिवाजाप्रमाणे चारही चाकांखाली लिंबे ठेवली गेली आणि महादेवने गाडी हात-दोन हात पुढे घेतली. लिंबे फुटली. रसाचा एक शिंतोडा उडून माझ्या आऱ्यावर आला. कोणाच्या लक्षात येण्याआधी बाळाबाई पुढे झाली आणि तिने तो ओल्या फडक्याने टिपून घेतला. “लिंबूबी आंबटच असतंय,” ती जयाबाईंना समजावून सांगत होती.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कोणत्याही वस्तूची काळजी घेण्यापूर्वी ती कशाची बनली आहे आणि तिच्यावर काय चढवलेले आहे, हे विचारून घ्या. माझ्यासारख्या चाकाला सौम्य साबण, भरपूर पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. आणि एखाद्याच्या मायेने काही बिघडलेच, तर हसण्याआधी पाहा की ते दुरुस्त होते का. पुष्कळदा फक्त वरचा थर गेलेला असतो.

आता मी पुन्हा रस्त्यावर आहे. पुढच्या रविवारी निपाणी आहे आणि मध्ये तवंदीचा घाट आहे.

चाके एकूण चार. दुरुस्त झाली चार. मोडीत गेली शून्य.